गाडी नाही, तरी वेळेवर पोचायचंय? भिवपुरी परिसरातल्या रोजच्या प्रवासाचं गणित, सवलती आणि तुमचे हक्क

भिवपुरी (ता. कर्जत) : पहाटे उजाडायच्या आत डबा भरायचा, वाडीतून चालत फाट्यावर यायचं, टमटम भरायची वाट बघायची आणि स्टेशनवर पोचताना लोकलचा भोंगा ऐकू आला की धावत सुटायचं. कर्जत-खालापूरमध्ये हजारो घरांचा दिवस असाच सुरू होतो. कोणी अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला जातं, कोणी कल्याण-डोंबिवलीला दुकानात, कोणी रसायनीकडच्या कंपनीत. पोरं कर्जत, नेरळ, बदलापूरच्या कॉलेजात. दारात चारचाकी नाही, दुचाकी असली तर एकच, आणि ती कोणी न्यायची यावर रोज सकाळी घरात चर्चा.

हा प्रवास चुकला की नुसता उशीर होत नाही. कंत्राटी कामगाराचा अर्धा रोज कापला जातो. महिन्यात चारदा उशीर झाला की ठेकेदार "उद्यापासून येऊ नको" म्हणतो. आणि बारावीच्या मुलीची संध्याकाळची गाडी दोनदा चुकली की घरचे म्हणतात, "पुरे झालं शिक्षण." म्हणून हे गणित नीट समजून घेऊ. कुठे वेळ जातो, कुठे पैसा जातो, कोणती सवलत आपली आहे आणि ती मिळत नसेल तर कोणाकडे जायचं.

स्टेशनच्या नावात 'रोड' का?

आपल्या स्टेशनचं नाव भिवपुरी नाही, 'भिवपुरी रोड' आहे. रेल्वेच्या नावांत 'रोड' म्हणजे गाव स्टेशनला लागून नाही, इथून त्या गावाकडे रस्ता जातो. स्टेशन आहे डिकसळला. भिवपुरी गाव तिथून बरंच आत, सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. तिथेच टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून चालू आहे.

म्हणजे ज्यांनी नाव ठेवलं त्यांनाही माहीत होतं की गाडीतून उतरल्यावर प्रवास संपत नाही. आपली खरी अडचण आजही तीच आहे. कल्याणपर्यंतचा लोकलचा प्रवास ठरलेला आणि स्वस्त आहे. अडतं ते घर ते स्टेशन या तीन, पाच, आठ किलोमीटरवर. म्हणून आपला प्रवास स्टेशनपासून मोजू नका, घराच्या उंबऱ्यापासून मोजा.

एक लोकल चुकली तर एवढा उशीर का?

कल्याणपर्यंत रेल्वेचे चार आणि त्याहून जास्त मार्ग आहेत. पण कल्याणहून कर्जतकडे वळलं की दोनच मार्ग, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. याच दोन रुळांवरून आपल्या लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या जातात. एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. कल्याणच्या पुढे 'फास्ट' लोकलसुद्धा प्रत्येक स्टेशनवर थांबते. त्यामुळे फास्ट पकडली तर वेळ वाचतो तो कल्याणच्या पलीकडे, बदलापूर-कर्जत पट्ट्यात नाही.

खोपोलीकरांची स्थिती आणखी अवघड. कर्जतपुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली हा फाटा एकेरी मार्गाचा आहे. गेलेली गाडी परत आल्याशिवाय दुसरी जाऊ शकत नाही. म्हणून तिथल्या लोकल मोजक्या, आणि एक चुकली तर बराच वेळ फलाटावर बसावं लागतं.

पावसाळ्यात तर विचारूच नका. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जोराचा पाऊस असेल तेव्हा घरातून निघण्याआधीच लोकल चालू आहे का ते बघा. चौकशीसाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे.

पैसा जातो कुठे? जरा हिशेब करू

समजा तुमच्या वाडीपासून स्टेशनपर्यंत टमटमचे एका वेळचे २० रुपये होतात. जाऊन-येऊन ४० रुपये. महिन्याला २६ दिवस कामाचे धरले तर १,०४० रुपये. आता भिवपुरी रोड ते कल्याण या लोकलच्या मासिक पासची किंमत बघा. ती यापेक्षा बरीच कमी आहे. म्हणजे लांबचा प्रवास स्वस्त आणि घराजवळचा महाग! खर्च कमी करायचा तर याच तुकड्यावर लक्ष द्यायला हवं.

तीन गोष्टी करता येतात. अंतर तीन-चार किलोमीटरचं आणि रस्ता बरा असेल तर सायकल, ती स्टेशनजवळ नीट कुलूप लावून ठेवायची. दुसरं, एकाच पाळीला जाणाऱ्या चार-पाच जणांनी एकच रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवायचा. त्यालाही रोजचं भाडं पक्कं आणि तुम्हालाही वाट बघणं नाही. तिसरं म्हणजे एसटी. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

एक सावधगिरी मात्र घ्या. परवाना नसलेल्या खासगी गाडीत किंवा क्षमतेच्या दुप्पट भरलेल्या टमटममध्ये बसलात आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

रेल्वेचा पास : हे नियम माहीत हवेत

रोज जाणाऱ्याने सुटं तिकीट काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पास एक महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा आणि वर्षाचा मिळतो. जितका लांब मुदतीचा, तितका स्वस्त. तीन महिन्यांच्या पासचं भाडं मासिकच्या २.७ पट, सहा महिन्यांचं ५.४ पट आणि वर्षाचं १०.८ पट असतं. समजा मासिक भाडं २०० रुपये आहे. मग तीन महिन्यांना ६०० ऐवजी ढोबळ मानाने ५४० आणि वर्षाला २,४०० ऐवजी २,१६० रुपये पडतील. मुख्य म्हणजे दर महिन्याला रांगेत उभं राहणं वाचतं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी :

- पास संपायच्या १० दिवस आधीपासून नवा काढता येतो. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.
- पास ज्याच्या नावावर, त्यानेच वापरायचा. भावाचा पास भावाला चालत नाही. सोबत ओळखपत्र हवंच.
- पासवर लिहिलेल्या स्टेशनच्या पुढे गेलात तर तो विनातिकीट प्रवास धरला जातो. दंड कमीत कमी २५० रुपये, आणि भाडं वेगळं.
- मोबाईलवरचा पास (आधी यूटीएस ॲपवर, आता जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपवर) तपासनीसाला मोबाईलमध्येच दाखवावा लागतो. बॅटरी संपली की पास असूनही तुम्ही विनातिकीट. ज्यांचा फोन दुपारीच मान टाकतो, त्यांनी खिडकीवरचा कागदी पास काढलेला बरा.

शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी

रेल्वेची एक सवलत आपल्याकडे बऱ्याच पालकांना माहीत नसते. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत सेकंड क्लासचा मासिक पास भाडं न घेता मिळतो. त्यासाठी शाळेकडून किंवा कॉलेजकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून, मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांची सही-शिक्का घेऊन स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा. बारावीनंतरच्या मुलांना विद्यार्थी सवलतीत निम्म्या भाड्याचा पास असतो. तोही कॉलेजच्या फॉर्मवरच मिळतो.

फॉर्म देताना कॉलेज टाळाटाळ करत असेल तर पालकांनी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी विचारणा विसरली जाते, कागद विसरला जात नाही.

लहान मुलांबाबत शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांत अंतर ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. तुमच्या वाडीपासून शाळा याहून लांब असेल तर मुलांच्या वाहतुकीची सोय किंवा भत्ता मागता येतो. हा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्यांतल्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पोरं पावसाळ्यात ओढा ओलांडून जात असतील तर तेही अर्जात लिहा.

एसटी : कोणाला किती सवलत?

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. तरीही सवलती नीट वापरल्या तर टमटमपेक्षा एसटी स्वस्त पडते.

- पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुली : अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास.
- इतर विद्यार्थी : पासच्या भाड्यात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तीन भागांतला एकच भाग भरायचा.
- सर्व महिला : १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत.
- ६५ ते ७५ वयाचे ज्येष्ठ : अर्धं तिकीट. ७५ वर्षं पूर्ण झालेले : २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत.
- रोज जाणारे बाकीचे प्रवासी : मासिक पासला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास, आणि त्रैमासिक पासला ५० दिवसांचं भाडं भरून ९० दिवस प्रवास.

आता तोच २० रुपयांचा हिशेब एसटीला लावू. समजा पूर्ण तिकीट २० रुपये. रोजचे ४० प्रमाणे २६ दिवसांचे १,०४० रुपये. पुरुष कामगाराने मासिक पास काढला तर २० दिवसांचे ८०० रुपये, म्हणजे २४० रुपये वाचले. त्रैमासिक काढला तर ५० दिवसांचे २,०००, म्हणजे महिन्याला साधारण ६६७ रुपये.

कामाला जाणाऱ्या ताईंचा हिशेब वेगळा आहे. अर्ध्या तिकिटाने त्यांना रोजचे २० प्रमाणे २६ दिवसांचे ५२० रुपयेच पडतात. म्हणजे त्यांनी ८०० चा साधा पास काढायची गरज नाही, रोजचं अर्धं तिकीटच स्वस्त. पण बारावीच्या पुढे शिकणाऱ्या मुलीने अर्धं तिकीट काढू नये. विद्यार्थी पास तिला ८०० च्या एक तृतीयांशात, म्हणजे साधारण २६७ रुपयांत पडेल. आणि मुलगी बारावीपर्यंत असेल तर तिचा पास मोफतच आहे. एका घरातल्या तिघांना तीन वेगळे पर्याय फायद्याचे ठरू शकतात.

पाससाठी आता आगारात खेटे घालायची गरज नसावी, असं एसटीचंच धोरण आहे. १६ जून २०२५ पासून शाळा-कॉलेजातच पास देण्याची मोहीम एसटीने सुरू केली. तुमच्या शाळेत कोणी आलं नसेल तर मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची यादी करून कर्जत आगाराकडे मागणी करावी.

गावात एसटीच येत नाही, मग?

"सवलत आहे पण गाडी कुठे आहे?" हा प्रश्न रास्त आहे. गाडी का बंद होते ते आधी समजून घ्या. आगार प्रत्येक फेरीचं भारमान बघतं, म्हणजे गाडीत किती सीट भरल्या आणि किलोमीटरमागे किती उत्पन्न आलं. एसटीच्या दहा मिनिटं आधी टमटम येते, गाव तिच्यात बसून जातं, एसटी रिकामी धावते. सहा महिन्यांनी "प्रतिसाद नाही" म्हणून फेरी बंद. मग टमटमचं भाडं वाढतं आणि गाव हात चोळत बसतं. म्हणून फेरी मिळाली की त्याच गाडीत बसायचं, हे गावाने आपसात ठरवावं लागतं.

मागणी कशी करायची :

१. ग्रामसभेत ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा त्यासाठी चांगल्या.

२. नुसतं "एसटी सुरू करा" लिहू नका. किती विद्यार्थी, किती कामगार, कोणत्या लोकलला जोडून किती वाजता गाडी हवी, याची नावांसह यादी जोडा. आगाराला भारमानाचा अंदाज कागदावर दिसला पाहिजे.

३. रस्ता अरुंद, वळायला जागा नाही, अशी उत्तरं येतात. ग्रामपंचायतीने गाडी वळवण्यापुरती जागा आणि थांब्याची शेड आधीच दाखवून द्यावी.

४. पहाटेची गाडी हवी असेल तर मुक्कामी गाडी मागा. रात्री गावात थांबणारी गाडी सकाळी पहिली निघते. चालक-वाहकाला झोपायला बरी खोली, पाणी आणि संडासाची सोय गावाने दिली तर मागणीला जोर येतो.

५. आगारात दाद लागली नाही तर पेणच्या विभाग नियंत्रकांकडे जा. जुलै २०२४ पासून एसटीने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रक आगारात बसून तक्रारी ऐकतील, अशी ती योजना आहे. तुमच्या आगारात पुढची तारीख कोणती, ते आधी विचारून घ्या.

दारात लटकू नका. आणि पास का जपायचा तेही ऐका

९ जून २०२५ ची सकाळ आठवते का? मुंब्र्याजवळ एक लोकल कर्जतकडे येत होती, दुसरी कसाऱ्याहून मुंबईकडे जात होती. दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासले आणि खाली पडले. चार जणांचा जीव त्याच दिवशी गेला, कित्येक जखमी झाले. कामावर जायला निघालेलीच माणसं होती ती.

लोकलमधून पडून मृत्यू झाला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे वारसांना ८ लाख रुपये भरपाई मिळते. जखमींना दुखापतीप्रमाणे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, साधारणपणे एक वर्षाच्या आत करायचा. पण ही भरपाई अधिकृत प्रवाशालाच आहे. म्हणून महिन्याचा पास म्हणजे नुसतं तिकीट नाही, घरच्यांसाठी तो पुरावा आहे. अपघातात पास-तिकीट हरवलं तर लगेच आशा सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की केवळ तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्यात आणि घरच्यांच्या प्रतिज्ञापत्रात प्रवासाची माहिती नीट यायला हवी. लोहमार्ग पोलिसांचा मदत क्रमांक १५१२.

रूळ ओलांडताना अपघात झाला तर मात्र हे कलम उपयोगी पडत नाही. उलट रूळ ओलांडणं हा गुन्हा आहे, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पूल लांब पडतो हे खरं, पण दोन मिनिटांसाठी घराचा आधार पणाला लावू नका.

रस्त्यावर अपघात झाला तर? २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. आपल्या महाराष्ट्रातलंच प्रकरण, मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी. २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटरसायकलवर जाताना कारखान्याच्या अलीकडे पाच किलोमीटरवर त्याचा मृत्यू झाला. कामाची वेळ, जागा आणि प्रवास यांचा संबंध जुळत असेल तर असा अपघात नोकरीतलाच धरायचा, असं न्यायालयाने सांगितलं. ईएसआयच्या कामगारांसाठी ही तरतूद कायद्यात २०१० पासूनच आहे. म्हणून ठेकेदाराकडे काम करत असाल तरी हजेरी कार्ड, पगाराची पावती, ईएसआय नंबर जपून ठेवा. कुठल्या पाळीला जात होता, हे त्यावरूनच सिद्ध होतं.

रात्रपाळीच्या महिलांसाठीही एक तरतूद आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येणाऱ्या ठिकाणी रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच काम देता येतं, आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकाने करायची असते. "शेवटच्या लोकलने जा" म्हणून हात झटकता येत नाहीत.

पुढे काय बदलणार?

दोन कामांकडे आपलं लक्ष हवं. पहिलं पनवेल-कर्जत लोकल मार्ग. सुमारे २९.६ किलोमीटरचा दुहेरी मार्ग, पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत अशी स्टेशनं. वावर्ल्याचा २.६ किलोमीटरचा बोगदा याच मार्गावर आहे. सुरुवातीला डिसेंबर २०२५ ही मुदत सांगितली गेली होती. या मार्गावर लोकल धावू लागली की पनवेल-नवी मुंबईला जाण्यासाठी ठाण्याचा वळसा पडणार नाही आणि खालापूर तालुक्यातलं चौक थेट लोकलच्या नकाशावर येईल. दुसरं काम बदलापूर-कर्जत तिसरा आणि चौथा मार्ग. ३२ किलोमीटरच्या या कामाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तो झाला की लोकल आणि मेल वेगवेगळ्या रुळांवर धावू शकतील.

पण नवीन स्टेशन आलं तरी वाडीपासून फाट्यापर्यंतचा रस्ता तोच राहणार आहे. चौकला लोकल आली आणि आजूबाजूच्या गावांतून तिथे पोचायला एसटीच नसली, तर तिथेही 'रोड' तेवढा उरेल. म्हणून जोड फेऱ्यांची मागणी आत्ताच ठरावात घ्या, उद्घाटनाची वाट बघू नका.

या आठवड्यात एवढं करा

- घरातल्या प्रत्येकाचा पास कधी संपतो ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.
- मुलीच्या कॉलेजात रेल्वे सवलतीचा फॉर्म मागा, शाळेत एसटी पासची यादी झाली का विचारा.
- घर ते स्टेशनचा महिन्याचा खर्च एकदा कागदावर मांडा आणि वरच्या पर्यायांशी ताडून बघा.
- तुमच्या लोकलची वेळ आणि एसटीची वेळ किती मिनिटांनी चुकते ते चार दिवस टिपून ठेवा. हीच टिपणी ग्रामसभेत कामाला येईल.

बऱ्याचदा एसटीची फेरी पंधरा मिनिटं अलीकडे आली तरी वाडीतल्या चार मुलींचं कॉलेज सुरू राहतं. तेवढी पंधरा मिनिटं मागायला गावाने एक ठराव घ्यायला हरकत नाही.